आमच्या बाजूने सगळं ओके आहे

डेटा सोर्समध्ये डेटा नसतो. असतो तो पत्ता : कोणत्या सर्व्हरकडे जायचे, तिथे कोणता डेटाबेस मागायचा, वाटेत कोणत्या ड्रायव्हरला सोबत घ्यायचे आणि दारात कोणाचे नाव सांगायचे. पुढाऱ्याच्या लेटरहेडवर लिहून आणलेल्या ओळखीच्या चिठ्ठीला सरकारी कचेरीत जी किंमत असते, तीच डेटा सोर्सला संगणकांच्या जगात असते. चिठ्ठीने काम होईलच असे नाही. पण चिठ्ठी नसेल तर शिपाईच परत पाठवतो.

मूळ गरज साधी असते. हिशेबनिसाच्या टेबलावरच्या एक्सेलला आतल्या खोलीतल्या सर्व्हरवरचे आकडे हवे असतात. ते मिळण्यासाठी दोन टोकांना मांडणी करावी लागते. कोणाला आत घ्यायचे हे सर्व्हरला सांगून ठेवायचे आणि कुठे जायचे हे क्लायंटला. ही दोन टोके सांभाळणारी माणसे बहुधा वेगवेगळी असतात, पुष्कळदा वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि ती एकाच वेळी जागेवर सापडत नाहीत. जोडणी झाली नाही की दोघेही फोनवर एकच वाक्य बोलतात : "आमच्या बाजूने सगळं ओके आहे." हे वाक्य खोटे असते असा समज आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात, आणि या विषयाची सगळी अडचण तिथेच सुरू होते.

१९८०च्या दशकात प्रत्येक डेटाबेसची बोलायची तऱ्हा निराळी होती. ओरॅकलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम सायबेसपुढे मुका होई. यावर उपाय काढण्यासाठी १९८९ मध्ये काही कंपन्या एकत्र आल्या आणि एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप स्थापन झाला. त्या गटाच्या मसुद्यावर बेतलेली ओडीबीसी ही पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये बाजारात आणली. कल्पना सुरेख होती. प्रोग्रॅमने ड्रायव्हर मॅनेजरशी बोलावे, मॅनेजरने योग्य तो ड्रायव्हर हुडकावा आणि ड्रायव्हरने सर्व्हरच्या भाषेत पुढचे बोलावे. प्रोग्रॅमला डेटाबेसविषयी काहीही ठाऊक असण्याची गरज उरणार नाही, असे आश्वासन होते. ते अक्षरशः पाळले गेले. प्रोग्रॅमला काहीही ठाऊक नसते. जे काही ठाऊक असायला हवे ते सगळे मांडणी करायला बसलेल्या माणसाला ठाऊक असावे लागते.

ही पद्धत जुनी झाली असे अधूनमधून जाहीर होत असते. नव्वदच्या दशकातच मायक्रोसॉफ्टने ओएलई डीबी नावाची धाकटी पाती पुढे आणली आणि जगाने तिकडे वळावे असे सुचवले. जग वळले. २०११ मध्ये त्याच कंपनीने सांगितले की एसक्यूएल सर्व्हरसाठी ओएलई डीबीचे दिवस भरले, सर्वांनी ओडीबीसीकडे परत यावे. जग परतू लागले. २०१७ मध्ये कळवण्यात आले की ओएलई डीबीही राहू द्यावी. २०१८ मध्ये तिचा नवा ड्रायव्हर आला. या काळात ज्यांनी आळसापोटी काहीच बदलले नाही, त्यांचे सगळे चालू राहिले.

आता सर्व्हरचे टोक. आजचा डेटाबेस सर्व्हर जन्मतः माणूसघाणा असतो. एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती बसवली की ती नेटवर्कवरून कोणाशीच बोलत नाही. टीसीपी/आयपी तिच्यात बंद ठेवलेले असते. ते चालू करायला कॉन्फिगरेशन मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम उघडावा लागतो. तिथे 'एनेबल' निवडले की सूचना येते : बदल जतन झाला आहे, मात्र सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो लागू होणार नाही. ही सूचना न वाचता 'ओके' दाबला जातो. पुढची दुपार फायरवॉलला दोष देण्यात जाते.

पोस्टग्रेसही तसाच. मुळात तो फक्त स्वतःच्याच यंत्रावरून आलेल्या हाकेला ओ देतो. बाहेरच्यांचे ऐकायचे असेल तर एका फाइलीत तसे लिहावे लागते. आणि ऐकल्यावर कोणाला आत घ्यायचे हे दुसऱ्याच, पीजी_एचबीए नावाच्या फाइलीत. पहिल्या फाइलीतला हा बदल सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर लागू होतो, दुसरीतला नुसते 'रीलोड' म्हटल्यावर. शिवाय दुसऱ्या फाइलीत वरून खाली वाचताना जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिचाच निर्णय अखेरचा. त्या ओळीने नकार दिला की खाली कितीही उदार ओळ लिहिलेली असो, तिथवर वाचन पोचतच नाही. अनुभवी माणसे म्हणून नवी ओळ शेवटी लिहीत नाहीत. ती सगळ्यात वर लिहितात आणि त्यामुळे दुसऱ्याच कोणाची तरी जोडणी तुटते.

मायएसक्यूएलच्या मते माणूस म्हणजे नाव अधिक गाव. एकाच नावाचा वापरकर्ता सर्व्हरच्या यंत्रावरून आला तर वेगळा आणि शेजारच्या संगणकावरून आला तर वेगळा. पहिल्याला सर्व हक्क दिलेले असले तरी दुसऱ्याला तो दारात उभे करत नाही, कारण त्याच्या लेखी हा कोणी वेगळाच इसम आहे. लिनक्सवर त्यातही बारकावा आहे. 'लोकलहोस्ट' म्हटले तर क्लायंट नेटवर्कच्या वाटेने न जाता सॉकेट नावाच्या फाइलीतून आत शिरतो, १२७.०.०.१ म्हटले तर नेटवर्कच्या वाटेने जातो. दोन्ही पत्ते त्याच यंत्राचे. एक चालतो, दुसरा चालत नाही, आणि समोरचा माणूस पडद्याकडे पाहत म्हणतो, "पण दोन्ही एकच आहे ना?"

सर्व्हर इतके संशयी का झाले याला इतिहास आहे. पूर्वी ते फार मोकळ्या मनाचे होते. एसक्यूएल सर्व्हरच्या 'एसए' या सर्वाधिकारी खात्याला पासवर्डच न ठेवण्याची सोय होती आणि तिचा लाभ पुष्कळांनी घेतला. २००२ च्या मे महिन्यात अशाच उघड्या खात्यांवर पोसलेला एक वर्म इंटरनेटभर फिरला. त्यातून नीट काही शिकायच्या आत शनिवार, २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा दुसरा वर्म आला. अवघ्या ३७६ बाइटचा, यूडीपी १४३४ या पोर्टातून शिरणारा. सुरुवातीला तो दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता. दक्षिण कोरियातले इंटरनेट बसले, अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेची एटीएम थंड पडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. ती बसवायची राहून गेली होती. आणि बाधितांपैकी कित्येकांना आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच ठाऊक नव्हते, कारण दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरबरोबर त्याची छोटी आवृत्ती गुपचूप येऊन बसली होती. त्यानंतर, २००५ च्या आवृत्तीपासून, बऱ्याच गोष्टी बंद ठेवूनच देण्याची रीत पडली. आज एक्सप्रेसच्या खिडकीपुढे वैतागलेला माणूस त्या शनिवारची किंमत मोजत असतो.

पोर्टांचे आकडे मात्र पाठ करण्याजोगे आहेत. एसक्यूएल सर्व्हर १४३३, ओरॅकल १५२१, मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२. नेटवर्कवाल्याला हे आकडे तोंडपाठ असतात आणि मागितले की तो देतो. "१४३३ उघडून दिलंय" हे त्याचे म्हणणे खरे असते. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएचे "सर्व्हर चालू आहे" हेही खरे असते. फक्त एसक्यूएल सर्व्हरची जी नाव दिलेली इन्स्टन्स, म्हणजे वेगळी प्रत, असते, ती मुळात १४३३ वर नसतेच. ती चालू होताना कुठलाही रिकामा पोर्ट धरते आणि तो कोणता, हे ब्राउझर नावाची दुसरी सर्व्हिस विचारणाऱ्याला सांगते. कुठून? तर त्याच यूडीपी १४३४ वरून. तो पोर्ट स्लॅमरच्या धसक्याने बंद केलेला असतो आणि ब्राउझर सर्व्हिस बहुधा झोपलेली असते. अशा रीतीने एक दार उघडे असते, एक सर्व्हर जागा असतो, आणि त्या दारामागे तो सर्व्हर नसतो.

या टप्प्यावर कोणीतरी विचारते, "पिंग होतंय का?" पिंग होते. पिंग झाल्याने यंत्र जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. पोर्ट उघडा आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट पिंग बंद असूनही पोर्ट उघडा असू शकतो. खरी तपासणी टेलनेटने होते, पण विंडोजमध्ये व्हिस्टापासून टेलनेट मुळात बसवलेले नसते. ते बसवायला ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि ॲडमिन नेमका ज्या माणसाची तक्रार ऐकून कंटाळलेला असतो तोच ते अधिकार मागत असतो.

क्लायंटच्या टोकाला विंडोजने डेटा सोर्सचे, म्हणजे डीएसएनचे, तीन प्रकार ठेवले आहेत. यूजर डीएसएन फक्त बनवणाऱ्या माणसाला दिसतो. सिस्टिम डीएसएन त्या यंत्रावरच्या सर्वांना दिसतो. फाइल डीएसएन ही एक साधी मजकूर-फाइल असते. ती नेटवर्कवर ठेवून सर्वांना वापरता येते आणि म्हणून सहसा कोणी वापरत नाही. खिडकी उघडली की पहिला टॅब यूजर डीएसएनचाच असतो, त्यामुळे निष्पाप माणूस तिथेच 'ॲड' दाबतो. त्याच्यापुरते सगळे चालते. रात्री आपोआप चालणारा रिपोर्ट मात्र पडतो, कारण तो विंडोजच्या सर्व्हिसमार्फत चालतो, सर्व्हिस वेगळ्या खात्याने चालते आणि त्या खात्याला या गृहस्थाचा डीएसएन दिसत नाही. सकाळी तो येऊन पुन्हा तपासतो. चालते. जोडणी त्याच्यासमोर नेहमीच चालते.

आता या विषयाचे खरे वैभव. चौसष्ट बिटच्या विंडोजवर डेटा सोर्स बनवण्याचे प्रोग्रॅम दोन असतात. एक चौसष्ट बिटच्या ड्रायव्हरांसाठी, दुसरा बत्तीस बिटच्यांसाठी. दोघांचेही नाव ओडीबीसीएडी३२. यातला चौसष्ट बिटचा प्रोग्रॅम सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरमध्ये राहतो. बत्तीस बिटचा राहतो सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये. ही छपाईची चूक नाही. जुन्या प्रोग्रॅमांनी आपल्या पोटात 'सिस्टिम३२' हे नाव इतक्या ठिकाणी कोरून ठेवले होते की ते बदलले असते तर ते प्रोग्रॅम नव्या जगात यायलाच तयार झाले नसते. म्हणून फोल्डरचे नाव जुने राहिले आणि आतला संसार नवा आला. जुना संसार शेजारी हलवून त्याच्या दारावर ६४ लिहिले गेले. दोन्ही प्रोग्रॅमांचे रूपही जवळजवळ सारखेच. विंडोज ८ पासून निदान मथळ्यात कितीबिटी ते लिहून येते. त्याआधी कितीबिटी हे अनुभवाने कळत असे.

या रचनेचा रोजचा परिणाम असा. एक्सेल बत्तीस बिटचे असते, कारण ऑफिस २०१९ येईपर्यंत ऑफिस आपणहून बत्तीस बिटचेच बसत असे. माणूस चौसष्टच्या खिडकीत सिस्टिम डीएसएन बनवतो, तिथे तपासतो, यश पाहतो, एक्सेल उघडतो आणि तिथे तो डीएसएन यादीतच नसतो. त्याने यूजर डीएसएन बनवला असता तर तो दोन्हीकडे दिसला असता, पण चालला असता की नाही हे ड्रायव्हर कितीबिटी आहे त्यावर अवलंबून राहिले असते. दिसतो तो चालत नाही आणि चालतो तो दिसत नाही, अशी ही सोय आहे. अशी विजोड जोडी जुळली की निघणारा संदेश, म्हणजे आयएम०१४, या क्षेत्रातल्या मोजक्या प्रामाणिक संदेशांपैकी एक आहे : ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम वेगळ्या घडणीचे आहेत, असे तो सरळ सांगतो.

ॲक्सेसच्या फाइलींचा ड्रायव्हर याहून करारी. चौसष्ट बिटचे ऑफिस असलेल्या यंत्रावर बत्तीस बिटचे ॲक्सेस इंजिन बसवू गेले की इन्स्टॉलर साफ नकार देतो आणि आधी ऑफिस काढून टाका असे सुचवतो. एका ड्रायव्हरसाठी वर्ड, एक्सेल आणि आउटलुक सोडून द्यावे ही सूचना तो अगदी निर्विकारपणे करतो.

ओरॅकलच्या लोकांना हा पसारा पुरेसा वाटला नसावा. त्यांनी क्लायंटवर टीएनएसनेम्स नावाची स्वतःची फाइल ठेवली. तिच्यात कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, आणि त्या सगळ्यांच्या आत सर्व्हरचे नाव, पोर्ट आणि सर्व्हिस. एक कंस कमी पडला की ओआरए-१२१५४ : दिलेल्या नावाचा उलगडा होत नाही. फाइल अचूक असली तरी हाच संदेश येऊ शकतो, कारण एका यंत्रावर ओरॅकलचे दोन-तीन क्लायंट वेगवेगळ्या वर्षी बसवलेले असतात आणि प्रत्येकाची फाइल स्वतंत्र असते. माणूस एक दुरुस्त करतो, प्रोग्रॅम दुसरी वाचतो. टीएनएस_ॲडमिन या पर्यावरण-चलात योग्य फोल्डर लिहिले तर ही फाटाफूट मिटते. पण ते चल कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते आणि तेही भलत्याच फोल्डरकडे बोट दाखवत असते. लिनक्सवर युनिक्सओडीबीसी वापरताना हाच प्रश्न ओडीबीसी.आयएनआय या फाइलीबाबत येतो. तिथे निदान 'ओडीबीसीइन्स्ट -जे' अशी आज्ञा आहे, जी कोणत्या फाइली वाचल्या जात आहेत ते मुकाट्याने छापते. इतकी उपयुक्त आणि इतकी अप्रसिद्ध आज्ञा दुसरी नसेल.

या फाइली आणि ड्रायव्हर शेदोनशे यंत्रांवर बसवण्याचा वैताग टाळण्यासाठी काही कंपन्यांनी मधला थर आणला. सीक्वेलिंक, ओपनलिंक ही त्यातली जुनी नावे. यात खरा ड्रायव्हर सर्व्हरच्या बाजूला बसतो आणि तिथेच सर्व्हर डेटा सोर्स तयार होतो. क्लायंटवर छोटासा सर्वसाधारण ड्रायव्हर आणि क्लायंट डेटा सोर्स. क्लायंटच्या डेटा सोर्समध्ये डेटाबेसचा पत्ता नसतो, तर सर्व्हरवरच्या डेटा सोर्सचे नाव असते. म्हणजे पत्त्याचा पत्ता. डेटाबेस हलला तर एकाच ठिकाणी बदल करायचा, हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. तोटा एवढाच की सोयीसाठी दोन्ही डेटा सोर्सना एकच नाव दिले जाते. मग "पेरोलचा डीएसएन बदला" असा निरोप आला की सर्व्हरवाल्याला वाटते क्लायंटचा, आणि क्लायंटवाल्याला वाटते सर्व्हरचा. दोघेही आपापल्या बाजूला पाहतात. आपापल्या बाजूला सगळे ओके असते.

मांडणी झाली की तपासणी. एसक्यूएल सर्व्हरच्या डीएसएनच्या शेवटच्या पानावर तपासणीचे बटण असते आणि यश मिळाले तर ते मोठ्या अक्षरांत, उद्गारचिन्हासह जाहीर होते. या उद्गारचिन्हाने अनेकांना फसवले आहे. ते एवढेच सांगते की या क्षणी, या माणसाच्या नावावर, या खिडकीतून जोडणी झाली. जाणकार माणसे आणखी एक युक्ती वापरतात : रिकामी मजकूर-फाइल बनवायची, तिचे शेपूट यूडीएल करायचे आणि दोनदा क्लिक करायचे, जोडणी तपासणारी खिडकी उघडते. मात्र विंडोज फाइलींची शेपटे लपवून ठेवते, त्यामुळे नवशिक्याची फाइल 'टेस्ट.यूडीएल.टीएक्सटी' होते आणि नोटपॅडमध्ये उघडते. नोटपॅड कोरे असते.

अपयशाचे संदेश हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. सर्वांत लोकप्रिय आयएम००२ : डेटा सोर्सचे नाव सापडले नाही आणि मूलभूत ड्रायव्हरही सांगितलेला नाही. उत्तरार्ध वाचून माणसे मूलभूत ड्रायव्हर कुठे सांगायचा याचा शोध घेऊ लागतात. तो शोध व्यर्थ असतो. खरे कारण पूर्वार्धात असते : नावात एखादी जागा जास्त पडलेली असते, किंवा खिडकी चुकीच्या बिटांची असते. दुसरा संदेश १८४५६, लॉगिन फसले. का फसले, हे क्लायंटला मुद्दाम सांगत नाहीत. त्याला नेहमी 'स्टेट १' कळवले जाते. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये वेगळ्या आकड्याने लिहून ठेवतात : असा वापरकर्ताच नसेल तर ५, पासवर्ड चुकला असेल तर ८. चोराला अंदाज येऊ नये हा हेतू योग्यच आहे. फक्त सर्व्हरचा लॉग पाहण्याचा अधिकार ज्याला असतो तो जेवायला गेलेला असतो. मायएसक्यूएल निदान 'पासवर्ड वापरला : होय' एवढे सांगतो. तो बरोबर होता की नाही यावर तोही मौन पाळतो.

अलीकडे यात सुरक्षिततेची भर पडली. एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ हा २०२२ मध्ये आला आणि त्याने जोडणी गुप्त करणे आपणहून सक्तीचे केले. सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र त्याला चालत नाही. ते देणाऱ्या संस्थेवर विश्वास नाही, असे तो म्हणतो. योग्य उपाय म्हणजे रीतसर प्रमाणपत्र बसवणे. प्रचलित उपाय म्हणजे 'सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा : होय' असे लिहून देणे. हा उपाय तात्पुरता म्हणून केला जातो आणि त्या यंत्राच्या निवृत्तीपर्यंत टिकतो.

पासवर्डाचीही अशीच कथा. एसक्यूएल सर्व्हरचा डीएसएन पासवर्ड साठवत नाही, म्हणून तो एक्सेलच्या फाइलीत साठवला जातो. साठवताना एक्सेल बजावते की हा उघडा राहील, आणि माणूस मान्यता देतो. मग ती फाइल ईमेलने चौदा जणांना जाते. ओरॅकलच्या नमुना डेटाबेसचे खाते 'स्कॉट' आणि पासवर्ड 'टायगर' हे तर जगजाहीर होते. स्कॉट हे सुरुवातीच्या एका कर्मचाऱ्याचे आडनाव आणि टायगर घरातले मांजर. कित्येक वर्षे जगातल्या कितीतरी सर्व्हरांची किल्ली त्या मांजराकडे होती.

जोडणी झाली, आकडे आले, तरी मराठी वाचकाचे काम संपत नाही, कारण त्याच्या तक्त्यात आकड्यांबरोबर नावे असतात. ओडीबीसीत युनिकोड आले ते ३.५ या आवृत्तीपासून. त्याआधीचे ॲन्सी ड्रायव्हर कोडपेजवर, म्हणजे एकेका लिपीच्या चिन्हतक्त्यावर, चालत. विंडोजमध्ये रशियनसाठी ॲन्सी कोडपेज होते, थायसाठीही होते. देवनागरीसाठी ते कधी झालेच नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचे ड्रायव्हर आजही यादीत जोडीने येतात, एक ॲन्सी आणि एक युनिकोड. वर्णानुक्रमाने ॲन्सी आधी येतो, म्हणून तोच निवडला जातो. त्यातून, किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या व्हारचार रकान्यातून, मराठी गेले की प्रत्येक चिन्हाचे एकेक प्रश्नचिन्ह होते. 'पुणे'ची चार, 'नागपूर'ची सहा. इथवर अंदाज बांधता येतो. पण 'मुंबई'चीही पाच आणि 'नाशिक'चीही पाच, त्यामुळे जिल्हानिहाय अहवालात थोडी गुंतागुंत होते. आणि ही प्रश्नचिन्हे केवळ दिसण्यापुरती नसतात. साठवतानाच झाली असतील तर मूळ अक्षरे कायमची गेलेली असतात.

युनिकोड येण्याआधी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनी वेगळा मार्ग काढला होता. पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपी आणि सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरांचे फॉन्ट वापरून मराठी इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागी बसवले जाई. अशा मजकुराला ओडीबीसीतून काहीही त्रास होत नाही. बाइटला बाइट जुळवून तो पलीकडे पोचतो. फक्त पलीकडच्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की शेतकऱ्यांची यादी स्वरचिन्हे लावलेल्या लॅटिन अक्षरांच्या रांगोळीसारखी दिसते, आणि तंत्रज्ञ म्हणतो, "डेटा बरोबर आलाय." तेही खरेच असते.

युनिकोडनेही हिशेब वाढवला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ओरॅकलमध्ये रकान्याची रुंदी वेगळे सांगितल्याशिवाय बाइटांत मोजतात. तीस बाइटांच्या रकान्यात 'औरंगाबाद' चोवीस बाइटांत आरामात बसत होते. २०२३ मध्ये शहराचे नाव 'छत्रपती संभाजीनगर' झाले. ते मधल्या मोकळ्या जागेसह एकोणपन्नास बाइटांचे आहे. अशा रकान्यापुढे ते नाव आले की ओआरए-१२८९९ : मूल्य रकान्यापेक्षा मोठे आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'ची मर्यादा एका चिन्हाला तीन बाइट, म्हणजे देवनागरी अगदी काठोकाठ मावते. मोडी मात्र मावत नाही. २०१४ मध्ये युनिकोडात आलेल्या मोडीच्या अक्षराला चार बाइट लागतात आणि त्यासाठी 'यूटीएफ८एमबी४' निवडावे लागते. पेशवे दफ्तर डेटाबेसमध्ये मोडीतच भरायचे कोणी ठरवले, तर ही एक गोष्ट आधी तपासावी.

सर्व्हर आणि क्लायंट एकाच टेबलावर असण्याचाही प्रकार आहे आणि तो चार्टर्ड अकाउंटंटांच्या कार्यालयांत रोज दिसतो. टॅली स्वतःच ओडीबीसी सर्व्हर बनते, ९००० या पोर्टावर. एक्सेलने तिच्याकडून खातेनावे आणि शिल्लक मागवायची. इथे फायरवॉल आड येत नाही, डीबीए नसतो, नेटवर्कवाला नसतो. एकच अट : टॅली उघडी हवी आणि तिच्यात हवी ती कंपनी उघडलेली हवी. एका कंपनीचा ताळेबंद मागताना दुसरीच उघडी असली तर आकडे विनातक्रार येतात, व्यवस्थित येतात, आणि दुसरीचे येतात. एवढ्या सुरळीत जोडणीत एखादा त्रुटीसंदेश आला असता तर बरे झाले असते.

राहता राहिला डेटा सोर्स काढून टाकण्याचा विषय. त्यासाठी 'रिमूव्ह' हे बटण आहे आणि ते चालते. नवा सर्व्हर आला की जुन्याचे डीएसएन काढावेत, किंवा मुळातच डीएसएनमध्ये आकडी पत्ता न लिहिता नाव लिहावे, म्हणजे सर्व्हर हलला तरी क्लायंटला हात लावावा लागत नाही, असे सगळी मार्गदर्शक पुस्तके सांगतात. काही प्रोग्रॅम डीएसएनच टाळून सगळा पत्ता एका ओळीत सोबत बाळगतात, तेही चांगले. प्रत्यक्षातल्या यंत्रावर मात्र टेस्ट, टेस्ट१, न्यूटेस्ट, मार्चएंड आणि मार्चएंडन्यू असे डीएसएन नांदत असतात. त्यातला कोणता वापरात आहे हे विंडोज सांगत नाही. डेटा सोर्स कोणी वापरला याची नोंद ती खिडकी ठेवत नाही. सिस्टिमवाला 'टेस्ट१' निवडतो, 'रिमूव्ह'वर माउस नेतो, विंडोज विचारते की नक्की काढायचा का, आणि तो हिशेब विभागाला फोन लावतो. "काढू का?" हिशेब विभाग विचारतो, "काढला तर काय होईल?" तो म्हणतो, "बहुतेक काही नाही." मार्च जवळ आलेला असतो. 'नो' दाबले जाते.